मागून धरणाऱ्याची नोकरी

आता सांगतो ती हकीकत कुणाला खरी वाटणार नाही. ग्रेंजर फोर्कच्या धान्यकोठाराशेजारच्या कॅफेत ती आजवर जेवढ्यांदा सांगितली, तेवढ्यांदा ऐकणाऱ्यांनी नकारार्थी मान हलवली, कपात आणखी कॉफी ओतून घेतली आणि जागेवरच बसून राहिले. (उठून न जाणे हा आयोवात विश्वासाचा सर्वोच्च प्रकार समजला जातो.)

प्रथम सिद्धांत. राग येणे ही निसर्गाची देणगी आहे, पण राग करता येणे ही संस्थेची देणगी आहे. ज्याला मागून धरणारं कुणी नाही त्याने कुणाच्या अंगावर धावून जाऊ नये, एवढं शेंबडं पोरही जाणतं. 'सोडा मला, आज याला दाखवतोच' हे वाक्य नीट म्हणायला दोन माणसं लागतात, आणि त्यांतला जो बोलत नाही तो महत्त्वाचा. सगळ्याच पुढारलेल्या समाजांनी या दुसऱ्या माणसाची काही ना काही सोय लावून दिलेली असते. अमेरिकेतल्या महाविद्यालयांनी त्याला हुद्दा दिला, गळ्यात शिट्टी घातली, छातीवर संस्थेचं नाव छापलं, आणि त्याला सॉकरचा सहायक प्रशिक्षक म्हणायला सुरुवात केली.

ऑरिन ट्वेट हा असा एक सहायक प्रशिक्षक होता. ग्रेंजर फोर्कच्या ट्वेलट्रीज कॉलेजात येईपर्यंत त्याच्या या पेशातल्या सगळ्या पायऱ्या चढून झाल्या होत्या. आधी तो स्वयंसेवक सहायक होता, म्हणजे पगार नसलेला. मग दुसरा सहायक झाला, म्हणजे पगार आहे असं सांगण्यात आलेला. मग पहिला सहायक, आणि शेवटी 'सहयोगी मुख्य प्रशिक्षक'. या शेवटच्या पदात 'मुख्य' हा शब्द बरोबर मधोमध येतो आणि दोन्ही बाजूंनी त्याला काही करू देत नाही. हुद्दा दरवेळी लांब होत गेला. काम तेच राहिलं.

कामाचं स्वरूप कॉलेजने स्पष्ट केलेलं होतं. सकाळी मैदानावर नारिंगी शंकू मांडावेत. दुपारी तेच शंकू उचलावेत. सामन्यांना व्हॅन हाकावी, आणि परतल्यावर व्हॅनमध्ये उरलेल्या एका मोज्याचा मालक शोधावा. उंच मुलाच्या आईला फोन करून तिचा मुलगा कॉलेजला किती हवाहवासा आहे हे पटवावं. बुटक्या मुलाच्या आईचा फोन घेऊ नये. ही कामं कुणीही अंगठाछाप करू शकतो, आणि पुष्कळ ठिकाणी पदवीधर करतात. ऑरिनचं नाव झालं ते शेवटच्या कलमामुळे: सामना चालू असताना मुख्य प्रशिक्षक पंचाच्या अंगावर धावून निघाले, तर सहायकाने त्यांना मागून धरावे.

हे वाटतं तितकं सोपं नाही. नवशिके कोपर धरतात. कोपर धरलेला माणूस गिरकी घेतो आणि लांबून बघणाऱ्याला वाटतं दोघं नाचताहेत. कॉलर धरली तर मुख्य प्रशिक्षकाचा आवाज बसतो, आणि तो पाणी मागतोय असं समजून कुणीतरी बाटली आणून देतं. ऑरिनची पद्धत वेगळी. डावा हात कंबरेतून आडवा, उजवा तळवा बरोबर काळजावर, हनुवटी कानाशी, आणि कानात हलकेच, "जाऊ द्या कोच, त्याची लायकी नाही." पाय मात्र मोकळे ठेवायचे. मुख्य प्रशिक्षकाचे पाय जागच्या जागी धावले पाहिजेत आणि गवत उडालं पाहिजे. फार लवकर धरलं तर प्रेक्षकांना फसवल्यासारखं वाटतं, फार उशिरा धरलं तर तो पोचतो. आजवर कुणी पोचलं नव्हतं. राज्यातल्या महाविद्यालयांची पाहणी असं सांगते की पंचाकडे झेपावणाऱ्या शंभर मुख्य प्रशिक्षकांपैकी सत्त्याण्णव जण निघण्याआधी एकदा मागे वळून बघतात. उरलेले तीन नवीन असतात.

ऑरिनच्या पकडीचा बोभाटा झाला तशी त्याला ओढाओढ सुरू झाली. ओहायोने नेला. ओहायोकडून पश्चिम टेक्सासने पळवला. तिथून तो आयडाहोला गेला, आणि तिथे एक शास्त्रीय शोध लागला. आयडाहोचा मुख्य प्रशिक्षक रविवारी चर्चमध्ये प्रवचन देणारा, मुंगीलाही वाट देणारा गृहस्थ. त्याला राग म्हणून येत नसे. ऑरिन नेमणुकीला जागणारा माणूस. पहिल्याच सामन्यात त्याने कलमाप्रमाणे त्याला मागून धरलं. त्या भल्या माणसाने आधी चकित होऊन मागे पाहिलं, मग पुढे पंचाकडे पाहिलं, आणि 'ज्या अर्थी मला धरलंय त्या अर्थी काहीतरी झालं असणार' असा विचार करून तो हळूहळू तापू लागला. हंगाम संपेपर्यंत त्याला तीन मैदानांवर आणि एका चर्चमध्ये बंदी झाली. म्हणजे धरायला रागावलेला माणूसच लागतो असं नाही. धरल्यानेही माणूस रागावतो. या शोधाची दखल विद्यापीठांनी घेतली नाही, कारण ती आपापली माणसं धरण्यात गुंतली होती.

या सगळ्या चढतीत एकच अडचण होती, आणि ती म्हणजे ऑरिनची बायको मार्व्हा. मार्व्हा शाळेत चित्रकला शिकवायची. दर दोन वर्षांनी गाशा गुंडाळायचा, नव्या गावी नव्या शाळेत उभं राहायचं. चार राज्यांतल्या मुलांना तिने झाडाचं खोड काढायला शिकवलं. पानांपर्यंत ती कुठेच पोचली नाही. स्वयंपाकघरातली खोकी ती उघडतच नसे. ट्वेलट्रीजला आल्यावर मात्र तिने सांगून टाकलं की हे शेवटचं गाव. आता इथेच मुख्य व्हायचं.

ट्वेलट्रीजचा मुख्य प्रशिक्षक डेल रस्मुसेन याने तसा शब्दही दिला होता. 'मी निवृत्त झालो की खुर्ची तुझी, ऑरिन.' रस्मुसेन दर डिसेंबरात निवृत्त होत असे आणि जानेवारीत बरा होत असे. असं सहा वेळा झालं. सातव्या वर्षी वायोमिंगहून विचारणा आली: पकडीची कीर्ती ऐकून आहोत, वसंतात रुजू व्हा.

त्या संध्याकाळी जेवणाच्या टेबलावर मार्व्हाने ओव्हनमधून बटाट्याचं भांडं काढलं, मधोमध ठेवलं आणि वाढलं नाही.

"लाल कार्ड मिळालं की कोचचं काय होतं रे?"

ऑरिनने नियम सांगितला. लाल कार्ड मिळालेल्या प्रशिक्षकाला मैदान सोडून पार नजरेआड जावं लागतं. शिवाय क्रीडासंचालक हॅगस्ट्रॉमबाईंनी त्या हंगामात नवं फर्मान काढलं होतं: लाल कार्ड घेणाऱ्या प्रशिक्षकाला त्याच आठवड्यात सन्मानाने, केक कापून निवृत्त करण्यात येईल.

"आणि मग संघ कुणाकडे?"

"सहायकाकडे."

"मग इतक्या वर्षांत डेलला लाल कार्ड का नाही मिळालं?"

"मी धरतो म्हणून," तो म्हणाला.

"म्हणजे तू डेलला नाही धरत, बाबा. तू स्वतःच्या खुर्चीलाच मागून मिठी मारून बसलायस." तिने आता वाढायला घेतलं. "वायोमिंगला जायचं तर खुशाल जा. तिथे वारा फार असतो म्हणे, त्यालाही कुणीतरी धरायला हवंच. मी येणार नाही."

असं ती ओरडून म्हणाली असती तर ऑरिनला काही वाटलं नसतं. ओरडणाऱ्या माणसांची त्याला सवय होती. पण ती बटाटे वाढता वाढता म्हणाली.

हंगामाचा अंतिम सामना ट्वेलट्रीजच्या घरच्या मैदानावर ब्रॅकेट कॉलेजशी होता. पंच होते डॉक्टर व्हिटलॉक. आठवडाभर ते जिल्ह्यातले एकमेव दंतवैद्य असत. त्यामुळे शनिवारी ज्याने त्यांच्यापुढे तोंड उघडलं, त्याला सोमवारी पुन्हा उघडावं लागे, आणि त्या वेळी दात उपटायचा चिमटा डॉक्टरांच्या हातात असे. एवढी जोखीम असूनही लोक त्यांच्यावर ओरडत, यावरून आयोवाच्या लोकांना खेळाची किती आस्था आहे ते दिसतं.

दुसऱ्या अर्ध्यात ब्रॅकेटच्या खेळाडूने आपल्या गोलसमोर चेंडू सरळ हाताने ढकलला. सगळ्यांनी पाहिलं. डॉक्टरांनी पाहिलं नाही, आणि खेळ पुढे चालू असा हात केला.

रस्मुसेनने टोपी फेकली. मग पाहणीतल्या सत्त्याण्णवांप्रमाणे मागे वळून पाहिलं. ऑरिन नेमून दिलेल्या जागी, डाव्या अंगाला उभा होता. रस्मुसेन निर्धास्तपणे निघाला. ऑरिनचे हात सवयीने वर आले. ते त्याने खाली घेतले, आणि ठेवायचे कुठे म्हणून अंगावर चाचपले, तेव्हा त्याला कळलं की आपल्या ट्रॅकसूटला खिसे आहेत. त्याने हात खिशात घातले.

रस्मुसेन रेषेशी आला आणि पाठ थोडी मागे टाकून, आता धरतील अशा बेताने पळू लागला. रेषा गेली. तो थोडा हळू झाला. आणखी पुढे गेला, आणखी हळू झाला, आणि मैदानाच्या मध्यावर येऊन मान न वळवता, ओठ न हलवता म्हणाला, "ऑरिन. धर ना रे."

ऑरिन ढगांकडे बघत होता.

सगळं गाव बघत होतं. मागे फिरण्याची या पेशात चाल नाही. बिचाऱ्याला पोचण्यावाचून गत्यंतर उरलं नाही, आणि रस्मुसेन डॉक्टर व्हिटलॉकसमोर जाऊन पोचला. महाविद्यालयीन सॉकरच्या इतिहासात हा प्रसंग पहिलाच. डॉक्टरांनी लाल कार्डासाठी खिशात हात घातला. रस्मुसेनने तोंड उघडलं, पण त्यातून काही निघेना. 'सोडा मला' याच्या पुढचं वाक्य त्याला आयुष्यात कधी लागलंच नव्हतं. तो तसाच आ वासून उभा राहिला. डॉक्टर व्हिटलॉक यांनी उघडं तोंड पाहिलं, आणि आठवडाभराच्या सवयीने वाकून आत पाहिलं.

"खालची उजवी दाढ," ते म्हणाले. "कधीपासून?"

"हॅलोवीनपासून," रस्मुसेन म्हणाला.

"गार लागल्यावर कळ येते?"

"येते ना. आइस्क्रीम बंद केलंय, डॉक्टर."

मंगळवारी सकाळी ये, असं ठरलं. डॉक्टरांनी कार्डाऐवजी रुमाल काढून घाम पुसला, दोघांनी हात मिळवले आणि रस्मुसेन जबडा धरून परत फिरला. प्रेक्षकांना यातलं ऐकू काहीच आलं नव्हतं. त्यांना एवढंच दिसलं की एक संतापलेला मनुष्य, कुणी अडवत नसताना, पंचापर्यंत गेला, शांतपणे बोलला आणि हस्तांदोलन करून आला. सगळं स्टेडियम उठून टाळ्या वाजवू लागलं. काही म्हाताऱ्यांनी टोप्या काढल्या. हॅगस्ट्रॉमबाईंनी डोळे टिपले, ध्वनिक्षेपक हातात घेतला, आणि अशा थोर खिलाडूवृत्तीचा गौरव म्हणून डेल रस्मुसेन यांना कॉलेजात तहहयात नेमत असल्याचं जाहीर केलं.

तहहयात. ऑरिनने प्रेक्षकांत मार्व्हाकडे पाहिलं. ती टाळ्या वाजवत नव्हती. ती पर्सचा पट्टा खांद्यावर चढवत होती.

मग ऑरिन ट्वेटला राग आला. एवढ्या वर्षांत दुसऱ्यांच्या पाठीला चिकटून जो जो राग त्याने अंगावर झेलला होता, ओहायोचा, टेक्सासचा, आयडाहोच्या प्रवचनकाराचासुद्धा, तो सगळा एकदम उकळून वर आला. "सोडा मला," तो म्हणाला. त्याला कुणी धरलेलं नव्हतं. तो ध्वनिक्षेपकाच्या दिशेने निघाला.

संघाचा कप्तान चांगल्या वळणाचा मुलगा. कोच निघाले म्हणजे धरायचं असतं एवढं त्याला माहीत होतं. त्याने ऑरिनच्या कंबरेला मिठी घातली. आयडाहोतल्या शोधाप्रमाणे ऑरिन त्यामुळे दुप्पट तापला आणि कप्तानासकट पुढे सरकला. कप्तानाला गोलकीपरने धरलं. गोलकीपरला राखीव खेळाडूंनी. पण पुढचं जे झालं ते फक्त आयोवातच होऊ शकतं. या मुलखात कुणी ओझं ओढताना दिसलं की आधी हात लावायचा आणि काय ओढतोय ते मागाहून विचारायचं, अशी रीत आहे. धान्याची गाडी चिखलात रुतो की शेजाऱ्याचं कोठार कलो, लोक गाडी थांबवून येतात. तसे ते आले. खेळाडूंचे आईबाप आले. बँडवाले वाद्यं गळ्यात ठेवूनच आले, त्यामुळे रांगेला जोराचा हिसका बसला की तुताऱ्या आपोआप वाजत. कॉलेजचं बोधचिन्ह असलेला झुंजार साळू, म्हणजे पुठ्ठ्याचे काटे लावलेला इतिहासाचा प्राध्यापक, आला. त्याच्या मागे उभं राहायला मात्र कुणी तयार होईना, म्हणून त्याची शेपटी धरण्यात आली. ब्रॅकेट कॉलेजचा संघ सभ्यपणे रांगेत लागला. डॉक्टर व्हिटलॉक शिट्टी तोंडात धरून लागले. रस्मुसेनही आला, आणि त्याने ऑरिनचं कोपर धरलं. (नवशिका.)

रांग फाटकाबाहेर गेली. मोटारी लावायच्या जागेतून, लुथेरन चर्चवरून गेली. तिथे सहभोजन चाललं होतं, त्या मंडळींनी आपापली भांडी मोटारींच्या टपांवर ठेवली आणि तीही जमली. मक्याच्या शेतांमधून, धान्यकोठाराला वळसा घालून ती हमरस्त्याला लागली. शेजारच्या गावात बातमी पोचली ती अशी की ग्रेंजर फोर्कला काहीतरी ओढताहेत, या. लोक हातमोजे घालून निघाले. तरी ऑरिन पुढेच सरकत होता, कारण धरणारा दर माणूस त्याच्या रागात भर घालत होता. शेवटी शेवटी तर सगळा जिल्हा जमिनीसकट त्याच्यामागून मैदानात ओढला जायला लागला, आणि ट्वेलट्रीजच्या हद्दीत थोडा उंचवटा तयार झाला तो अजून आहे.

एकटी मार्व्हा मात्र धरायला गेली नाही. ती समोरून आली, चालत, पर्स सावरत. ऑरिनच्या पुढ्यात उभी राहिली, तसा तो थबकला. ती म्हणाली, "थांबलास का? चल की." आणि त्याच्या बाजूबाजूने चालू लागली.

असे ते दोघं, मागे अख्खा जिल्हा घेऊन, हॅगस्ट्रॉमबाईंसमोर पोचले. ऑरिनला पुढचं वाक्य अर्थातच येत नव्हतं. त्याची गरजही पडली नाही. हॅगस्ट्रॉमबाईंनी रांगेकडे नजर टाकली. रांगेचं दुसरं टोक काही त्यांना दिसेना. त्या मुरलेल्या प्रशासक होत्या. त्यांनी तिथल्या तिथे सांगितलं की ज्याला आवरायला एवढी माणसं लागतात त्याला सहायक म्हणून ठेवणं कॉलेजच्या प्रतिष्ठेला शोभत नाही. मुख्य प्रशिक्षकपद ऑरिन ट्वेट यांना देण्यात येत आहे. रस्मुसेन यांची तहहयात नेमणूक कायम असून, ते यापुढे तहहयात सहायक राहतील.

"आणि वायोमिंग?" मार्व्हाने विचारलं.

"वायोमिंग कुठे आलं यात?" बाई म्हणाल्या.

"कुठेच नाही. तेच नक्की करून घेतलं."

हॅगस्ट्रॉमबाईंनी होकार दिल्याबरोबर रांग सुटली. सगळा जिल्हा एकदम मागे पडला, बँडसकट. मार्व्हा आणि हॅगस्ट्रॉमबाई सोडल्या, तर त्या दिवशी जिल्ह्यात असा एकही माणूस नव्हता की जो रांगेत नव्हता. दुकानं उघडी टाकून लोक आले होते, इस्पितळातले रोगी आले होते, कैद्यांना घेऊन शेरीफ आला होता. प्रत्येकाने पुढच्याला धरलेलं आणि प्रत्येकाला मागच्याने धरलेलं. यात तसूभर फेर नाही.

इथवर आलो तेव्हा कॅफेतल्या कोपऱ्यातल्या टेबलावरून एल्मर क्विस्टने कप खाली ठेवला. एल्मर हा निवृत्त पोस्टमन. त्याने आयुष्यभर जिल्ह्यातलं घर न् घर शेवटच्या पेटीपर्यंत मोजलेलं.

"थांबा जरा, म्हातारबुवा," तो म्हणाला. "अख्खा जिल्हा रांगेत होता म्हणता, आणि प्रत्येकाला मागच्याने धरलेलं म्हणता. मग सगळ्यात शेवटचा जो होता, त्याला कुणी धरलेलं?"

वाढणारी बाई किटली हातात धरून थांबली.

"कुणी नाही धरलं ना? मग धडधडीत थाप मारताय. पहिल्यापासून शेवटपर्यंत." एल्मर उठला. खुर्ची मागे सरली. वर्षानुवर्षं इथे बसून आम्हाला मूर्ख बनवलं, आज सोडत नाही, असं म्हणून तो टेबलाला वळसा घालून निघाला, दोन पावलं आला, आणि त्याने मागे वळून पाहिलं.

त्याच्या टेबलावरचे सगळे आपापल्या कपात बघत होते.

एल्मर थोडा वेळ उभा राहिला. मग खुर्ची पुढे ओढून बसला आणि साखर कुठे आहे म्हणाला.

त्याने थाप पकडली हे मान्य आहे. तुम्हीही मघापासून पकडलेलीच असणार, आणि तावातावाने उठून मला गाठायचं तुमच्या मनात असेल तर अवश्य या. फक्त निघण्याआधी घरातल्या कुणाला तरी मागून धरायला सांगा. नाहीतर खरंच पोचाल.